राहुलचा नोटीस पिरियड

अहो, मी तर भलं करायला गेले होते. शेजारच्या वहिनींच्या राहुलची चौकशी करायला मुलीचे वडील सिल्लोडहून आले, ते थेट माझ्या दारात. मी चहा ठेवला. नोकरीचं विचारल्यावर म्हटलं, "पोरगा लई गुणी. सध्या नोटीस पिरियडवर आहे."

त्यांनी कप खाली ठेवला. "नोटीस? काय केलं त्यानं?"

"काही नाय हो दादा. राजीनामा त्यानंच दिलाय. आता दोन महिने तिथंच काम करायचं, मग सोडायचं. त्याला म्हणतात तसं."

"चालती नोकरी सोडली?"

"पुण्यात जास्त पगाराची मिळाली ना."

"मग इथं काय त्रास होता?"

"छे, लई चांगले लोक. चार वर्षं जीव लावला त्याला."

ते उठलेच. "ताई, एवढं चांगलं असून, दुसरी बरी दिसली की पहिली सोडतो. त्याला आमची पोर कशी द्यावी?"

तेव्हापासून वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. आणि मी तर त्या पोराबद्दल एक शब्द वाईट बोलले नव्हते.