साकळलेलं रक्त

पॅथॉलॉजी विभागाबाहेर स्वतःच्या हाडाच्या बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघत बसलेल्या शिक्षिकेच्या कानावर शेजारच्या मायलेकींचं बोलणं पडत होतं.

“आई, डॉक्टर म्हणाले, पोस्टमॉर्टेममध्ये बाबांच्या मेंदूवर जुनं रक्त साकळलेलं दिसलं. डोक्याला मार लागला असणार.”

“मग सांगायला तोंड नव्हतं?”

“त्यांना आठवतच नसेल गं.”

“आठवत नसेल म्हणे! सदऱ्यासकट अंघोळ करायचे, दार सताड उघडं टाकून निघायचे. सगळं मला वैताग द्यायला!”

“मुद्दाम नव्हते करत. मेंदूवर दाब आला होता.”

“आणि मी उठता-बसता ढोंगी म्हणायचे, ते?”

लेकीने आईच्या खांद्यावरचा पदर सारखा केला.

“जा, डॉक्टरांना विचारून ये.”

“आता काय विचारू?”

“माझं बोलणं ह्यांना कळत होतं का, ते विचार. बसलीस काय, ऊठ!”

शिक्षिकेने पाय आखडून लेकीला वाट करून दिली.