फ्रॉड कॉलवाल्याला विचारायचा प्रश्न

"मावशी, फ्रॉड कॉलवाल्याला तुम्ही कधी शिवी दिलीय का?"

खोपोलीच्या आधार केंद्रात रांगेतल्या अनोळखी बाईंना हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. मी बिनधास्त विचारलं!

"नाय गं. मी इचारते, जेवलास का रं?"

"भागूबाय, पोरीला काय सांगतेस!" त्यांच्यासोबतचे आजोबा म्हणाले.

"खरं तेच सांगते, आबाजी. माझ्या पोराला, जितेशला, म्यानमारात तसलेच फोन करायला लावलं. कॉम्प्युटरची नोकरी सांगून नेला आनि कोंडून ठेवला."

"पन चीननं म्यानमारला दम भरला ना? सुटली पोरं, टीव्हीवर दाखवलं."

"चीनची सुटली. इमानं भरून नेली त्यांनी."

"आनि आपली?"

"थोडी आली. दोनदा यादी बघितली, जितेश नाय. सुटून आलेला पोरगा म्हनला, धाडीच्या आधीच मालकानं बाकीच्यांना कंबोडियात हलवलं."

"म्हंजे मोठ्या देशानं डोळे वटारले, की हे चोर शेजारच्या घरात शिरतात."

"दमले मी, आबाजी. फोन आला की पयला आवाज वळखते. त्याचा नसला तरी इचारते. कुनाचं तरी पोर हाय ना."

"मग काय बोलतात?"

"शिव्या देतात. परवा एक जन मात्र हळूच म्हनला, 'नहीं, अम्मा.'"

घरी पोचल्या पोचल्या मी आईबाबांना सांगून टाकलं, "यापुढे फ्रॉड कॉल आला की फोन माझ्याकडे द्यायचा. ओटीपी नाही देणार. पण तो जेवला का, ते मी विचारणार."