एक फोन, तीन टेबलं

सन्माननीय अध्यक्ष चिमाजीअण्णा, आजच्या सत्कारमूर्ती सविताबाई गांगुर्डे, माझे शेजारी सहादूभाऊ, आणि द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमधून वाट काढत वेळेवर पोचलेल्या बंधुभगिनींनो,

प्रारंभीच एक निषेध नोंदवतो. अध्यक्षमहाराज ज्या खुर्चीवर विराजमान आहेत, ती माझी आहे. तिच्या गादीला आकार देण्यात माझी आठ वर्षांची तपश्चर्या खर्ची पडली आहे. आज सकाळी तिला हार घालून व्यासपीठावर नेलं, मला न विचारता! पण दाद मागू कुणाकडे? आमच्या हॉलचा नियमच असा, की टेबल ज्याचं त्याचं, खुर्ची मात्र आधी येईल त्याची. आणि पंख्याखालची ही खुर्ची सर्वांत जास्त वेळा पटकावली ती सविताबाईंनी.

पंचाण्णव साली गोदामावरचा हा हॉल अखंड घेणारा भाडेकरू अण्णांना मिळेना. मग त्यांनी तो टेबलागणिक दिला. एका टेबलावर मी, वर्तमानपत्राचा वार्ताहर. दुसऱ्यावर सहादूभाऊ, वणीच्या देवीला जाणाऱ्या जीपचं बुकिंग करणारे. तिसऱ्यावर सविताबाई, एक कॉम्प्युटर आणि जिल्ह्यातल्या निम्म्या लग्नपत्रिका. फोन मात्र एकच. जो जवळ असेल त्याने उचलायचा आणि ज्याचा असेल त्याचा धंदा सांभाळायचा.

एकदा आमच्या संपादकांनी फोनवर विचारलं, "आज काय आहे तुमच्याकडे?"

सहादूभाऊ सवयीने म्हणाले, "वणी हाय साहेब. नऊ शिटं भरली की सुटंल. तुमी किती जण?"

संपादक माझ्यावर संतापले, आणि चैत्रात सहकुटुंब त्याच जीपने गडावर गेले. मीही कमी नव्हे. बातमीच्या नादात सटाण्याच्या एका भाविकाला सांगून बसलो, "जागा कमी आहे, दोनशे शब्दांत आटपा." त्यांनी देवीला दुसऱ्या गाडीने जाणं पसंत केलं.

पण हिशेब फायद्याचाच झाला ना? पत्रिका छापायला आलेला वधूपिता वऱ्हाडाची जीप ठरवून जायचा. जीपची वाट पाहणारा पत्रिकांचे नमुने चाळायचा. आणि दोघांच्याही गप्पांतून मला बातम्या मिळायच्या. संस्कृतात द्वंद्व समास म्हणतात तो हाच: पदं शेजारी बसतात, कुणी कुणापेक्षा कमी नाही. तीन गल्ल्यांत तीन दारं लावून बसलो असतो, तर तिघांनीही माश्याच मारल्या असत्या.

लिहिताना अडलो की मी पुटपुटतो, "रामः, रामौ, रामाः." ऐकून ऐकून सविताबाईंनाही पाठ झालंय. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी "रामः, रामौ" म्हणालो आणि थांबलो.

कॉम्प्युटरमागून आवाज आला, "सर, रामाः कुठं राहिले?"

मी छाती दाबून धरली होती. बाई उठून आल्या, माझा घामेजलेला चेहरा पाहिला आणि ओरडल्या, "भाऊ, जीप काढा!"

"शिटं बसलीत की ओ!"

"उतरवा त्यांना!"

भरलेली जीप सहादूभाऊंनी रिकामी केली आणि मला दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं आहे, बरं झालं लगेच आणलंत. थोडा उशीर झाला असता, तर या हॉलमधलं भाषण आज दुसऱ्या कुणीतरी केलं असतं, आणि तेही माझ्याविषयी फार चांगलं बोलून.

आता सविताबाई कॉलेज रोडला स्वतःच्या ऑफिसात चालल्या. स्वतःचा फोन, स्वतःचं दार, आणि कुणी पळवणार नाही अशी खुर्ची. बाई, हे तुम्ही कष्टानं मिळवलंत, आम्हाला अभिमान आहे. फक्त ते दार दिवसा उघडं ठेवा.

अण्णांचे आणि आपणा सर्वांचे आभार. जिभेला लगाम नसल्यामुळे कुणाला लागलं असेल, तर तो दोष पोटात घालावा.

आणि मघाची खुर्चीची तक्रार मागे घेतो. अण्णा, ती खुशाल ठेवा. मला भीती वेगळीच वाटते आहे. उद्या दुपारी सहादूभाऊ गाडीवर गेलेले असतील, आणि मी पुन्हा "रामौ"पाशी थांबलो, तर पुढचं कोण विचारणार?