रांगोळीचं रिंगण

रस्त्यांवरून तुम्ही आम्हा इंजिनिअर लोकांना शिव्या घाला खुशाल, पण मला यंदा मिळालेली तक्रार कुणालाच मिळाली नसेल.

वॉर्डातल्या खड्ड्यांसाठी निधी वर्षातून एकदा येतो. मग मी निवडक खड्ड्यांभोवती चुन्याचं रिंगण काढतो आणि ठेकेदाराची माणसं रिंगण दिसेल तिथं डांबर ओततात. यंदा मी रिंगणं काढली बाजाराच्या रस्त्यावर, आणि डांबर संपलं अलीकडच्या विणकरांच्या गल्लीत! तिथंही प्रत्येक खड्ड्याभोवती पांढरं रिंगण होतं म्हणे. साहेबांनी मला असं झापलं की मी तडक गल्ली गाठली.

नरसम्मा आजी दारात रांगोळी घालत होत्या.

"आजी, खड्ड्यांभोवती रिंगणं तुम्ही काढली?"

"व्हय की. आमच्या मालकांना नीट दिसत न्हाई, पांढरं तेवढं कळतंय. सकाळी आमी दोघं कोपऱ्यावर चहाला जातो. ते पडू नयेत म्हणून रोज काढत होते."

माझा राग तिथंच विरघळला. म्हटलं, "जाऊ द्या. आता रस्ता गुळगुळीत झाला. मालक खूश असतील."

"लई खूश. एकटेच झपाझप फुडं जातात."

"मग तुम्ही का नाराज?"

आजींनी चिमटीतली रांगोळी परत डब्यात टाकली.

"पांढरं दिसलं की थांबायचे, साहेब, आन् धरायला माझ्याकडं हात फुडं करायचे. एखादा खड्डा ठेवायचा की."