बोटीच्या इंजनाची घंटी

हसू नका गं, खरंच सांगते. मामंजींनी साखऱ्याच्या शेतातल्या विहिरीवर पानी उपसायला जुन्या बोटीचं इंजन आणलं. मिस्त्रीनं इंजन चाचपून नेमक्या जागी खटका बसवला, त्याला घंटी जोडली.

"इंजन तापलं की वाजते," म्हनला.

त्याच दिसी मी गंमत म्हणून मामंजींचा तांब्या कडब्यात लपवला. त्यायचा संशय मिस्त्रीवर! हाकलूनच देऊन राहिले त्याला. मंग मी पदराआडून म्हनलं, "मामंजी, खोटं बोललं तरी वाजते ती."

मामंजींनी चालू इंजनापशीच मिस्त्रीला इचारलं, "तांब्या तू नेला?"

"न्हाई, मालक."

घंटी गप्प.

"बराबर. मी तर कोनावर संशय घेतच न्हाई."

ठणठणठण! मिस्त्री पानी ओतायला पळाला.

मामंजी माह्याकडं वळले. "सूनबाई, तुमी तर न्हाई लपवला?"

मी आदी घंटीपासून वीस पावलं मागं सरकले, मंग म्हनलं, "न्हाई, मामंजी."