सईच्या पप्पांची कंबर

चहा राहू द्या हो, आधी हे ऐका. सात रस्ता चौकात माझा बॅलेचा क्लास आहे ना, तिथे काल आठ वर्षांच्या सईचे वडील तणतणत आले.

"मॅडम, माझी पोरगी काडीसारखी हाय. तिला पोटाचे व्यायाम कशापायी? नाच शिकवा की!"

मी म्हटलं, "अहो, ते पोट कमी करायला नाहीत. पोट-कंबर घट्ट नसेल, घोटा डगमगत असेल, तर चवड्यावर उभं राहताना पाय मुरगळतो."

"ते काय न्हाय. गॅदरिंगला ती पायाच्या बोटांच्या टोकावर नाचली पायजे. तसले कडक टोकाचे बूट मागवलेत मी."

माझ्या मस्तकात तिडीकच गेली. या वयात बोटांवर? हाडं कोवळी असतात!

"ते बूट आधी परत करा," मी सरळ सांगितलं.

झालं! रागारागानं त्यांनी वाकून सईचं दप्तर हिसक्यानं उचललं, आणि कंबर धरून तसेच वाकलेले राहिले.

शेजारी उभी असलेली सई शांतपणे म्हणाली, "पप्पा, पोट आत घ्या, गुडघे वाकवा, मग सावकाश उठा."

उठले की हो!

मला वाटलं, आता तरी पटलं असेल. तर दाराशी पोचून मलाच सुनावतात, "बघितलं? असल्या व्यायामानं कंबर जाती माणसाची!"