एका माणसावर लावलेली गाडी

(मास्तरांचं गॅरेज. मास्तर डॉक्टरांच्या गाडीखाली वाकून बघत आहेत.)

मास्तर : आणि मग तुमची मुलगी काय म्हणाली?

डॉक्टर : काही नाही. ‘थांबवा’ म्हणाली. मी थांबवली. तिनं पट्टा सोडला, दार उघडलं आणि तलावाच्या कडेनं चालायला लागली. मी तिच्या मागून, पहिल्या गिअरमध्ये. नाक्यावर तिनं टॅक्सी केली.

मास्तर : म्हणजे वरातच काढलीत पोरीची.

डॉक्टर : वाजतगाजत. तुम्ही बसवलेल्या त्या सायलेन्सरमुळे. बाकांवर बसलेले सगळे म्हातारे वळून बघत होते.

मास्तर : बसवला मी, मागितला तुम्ही. मी तेव्हाच म्हणालो होतो, डॉक्टर, या आवाजात स्वतःचं बोलणंसुद्धा ऐकू येणार नाही. तुम्ही म्हणालात, बोलायचंय कुणाशी. बॅटरी जरा इकडे धरा. माझ्या तोंडावर नको, मागच्या चाकावर.

डॉक्टर : सवय हो. दिवसभर लोकांच्या तोंडावरच दिवा धरतो. मास्तर, गाडीत नक्की काहीतरी बिघडलंय. तलावाच्या त्या वळणावरून मी किती वेळा गेलोय, मोजदाद नाही. रुळावरून गेल्यासारखी जाते. आणि नेमकी ती शेजारी असतानाच शेपटी सटकली.

मास्तर : टायर चांगले आहेत. शॉकअॅब्सॉर्बर गळत नाहीत. ब्रेक तर माझ्या घरच्या नळापेक्षा नीट चालतायत. बिघाड नाही काही.

डॉक्टर : पुन्हा एकदा बघा. परवा तिचं जहाज सुटतंय, तिला बंदरावर सोडायचंय. याच गाडीतून.

मास्तर : ती हो म्हणालीय?

डॉक्टर : ‘बघू’ म्हणालीय.

मास्तर : हं.

डॉक्टर : ‘बघू’ म्हणजे नाही नव्हे, मास्तर. तिला नाही म्हणायचं असलं की ती नाहीच म्हणते. आईवर गेलीय. पण पुन्हा तसं झालं, तर ती यापुढे या गाडीत पाय ठेवणार नाही. आणि माझ्याकडे यायला तिला दुसरं कारण नाही. माझं घर तिला आठवत नाही. गाडी तेवढी आठवते.

मास्तर : बसा आत. चारही चाकांखाली वजनाचे काटे सरकवलेत. नेहमी बसता तसे बसा, हात स्टिअरिंगवर. ... झालं. अगदी तोलात आहे गाडी. उतरू नका. आता मी शेजारी बसतो.

डॉक्टर : सावकाश. तुम्ही म्हणजे दोन माणसं आहात.

मास्तर : दोन कसली, दीड. आता दारातून वाकून तुमच्या बाजूचा मागचा काटा बघा. मी माझ्या बाजूचा बघतो. कळतंय?

डॉक्टर : डावीकडे पार बसली.

मास्तर : बसणारच. स्प्रिंगखालच्या चकत्या फिरवून, चारही चाकांवरचा तोल जुळवून ही गाडी मी लावली, तेव्हा आत कोण बसलं होतं? तुम्ही. एकटे. शेजारची सीट आपण काढून टाकली होती. रेडिओ काढला, गालिचा काढला, दारांचं अस्तर काढलं. एका माणसावर लावलेली गाडी आहे ही, डॉक्टर. दुसरं माणूस तिच्या हिशेबातच नाही.

डॉक्टर : पण सीट तर तुम्हीच परत बसवलीत ना, गेल्या आठवड्यात?

मास्तर : बसवली. आणि तेव्हाच गाडी पुन्हा काट्यांवर घ्यायला हवी होती. मला वाटलं, एकदाच तर येणारे पोरगी. कंटाळा केला. त्यात सीट गेल्याचं दुःख वेगळंच होतं.

डॉक्टर : तुम्हाला कसलं दुःख?

मास्तर : अहो, इतकी वर्षं दुपारचा चहा मी त्याच सीटवर बसून प्यायलोय. तिकडे खिडकीपाशी ठेवली होती, खाली दोन टायर घालून. आता स्टुलावर बसतो, पाठ धरते. एक विचारू? सीट काढताना मी म्हणालो होतो, अधूनमधून तरी कुणी बसेल, राहू दे. तुम्ही म्हणालात, अधूनमधूनसुद्धा नाही. इतकं ठाम कुणी बोलत नाही.

डॉक्टर : तिची आई तिला घेऊन गेली, त्याच महिन्यातली गोष्ट. घर तर रिकामं झालंच होतं. गाडीत बसलो की ती सीट दिसायची. पट्टा लोंबत असायचा.

मास्तर : मला सांगितलंत, वजन कमी करायचंय.

डॉक्टर : वजनही कमी झालं.

मास्तर : खरं आहे. वळणावर ताणलेल्या दोरीसारखी ताठ झाली गाडी. बरं, आता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या, पण मनाची समजूत न घालता. शेपटी सटकली, म्हणून मुलगी ओरडली? की मुलगी ओरडली, म्हणून शेपटी सटकली?

डॉक्टर : ओरडली नाही ती. ‘बाबा’ म्हणाली. तेवढंच.

मास्तर : आधी की नंतर?

डॉक्टर : ... आधी.

मास्तर : आणि तुम्ही काय केलंत?

डॉक्टर : तिच्याकडे बघितलं.

मास्तर : आणि रेसवरचा पाय?

डॉक्टर : काढला असणार. कुणीही काढेल, मास्तर. किती वर्षांनी त्या बाजूनं हाक आली.

मास्तर : कुणीही काढेल, कबूल. पण ऐन वळणात खाडकन पाय काढला, की सगळं वजन पुढे पडतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपटी फिरते. त्यात गाडी आधीच डावीकडे बसलेली. थोडं माझं चुकलं, थोडं तुमचं. माझं मी चकत्या फिरवून नीट करतो. तुमचं नीट करायला पाना नाही. चला, गिरणीमागच्या मैदानावर जाऊ. मी शेजारी बसतो.

डॉक्टर : आत्ता? गाडी वाकडी बसलेली असताना?

मास्तर : वाकड्या गाडीवर जमलं, तर सरळ गाडी गंमत वाटेल तुम्हाला.

(गिरणीमागचं मोकळं मैदान. रंगाचे रिकामे डबे गोल मांडलेले. गाडी त्यांच्या कडेनं फिरते आहे.)

मास्तर : पाय एकसारखा ठेवा. असा. डब्याकडे बघू नका, डब्याकडे बघितलंत की डब्यावरच जाल. डब्याच्या पलीकडे बघा, जिथं पोचायचंय तिथं. मी मधेच काहीही बोलेन, ओरडेन. तुमचा पाय हलता कामा नये.

डॉक्टर : इतकं सोपं?

मास्तर : अहो डॉक्टर, साप!

डॉक्टर : कुठं? ... अरे, अरे...

मास्तर : साप नाही कुठंच. तीन डबे मात्र आडवे झाले. दिसलं, कशी फिरते ते? पुन्हा.

डॉक्टर : आता फसणार नाही.

मास्तर : सगळे असंच म्हणतात. चला. थोडी वाढवा. छान. पाय धरून. ... डॉक्टर, उजवीकडची दाढ ठणकतेय हो, रात्रभर डोळा नाही.

डॉक्टर : वरची की खालची?

मास्तर : बघितलंत ना माझ्याकडे!

डॉक्टर : हे बरोबर नाही, मास्तर. हा माझा धंदा आहे.

मास्तर : तुमचे पेशंट बोलत नाहीत, त्याचा हा परिणाम. तोंडं उघडी टाकून गप्प पडतात सगळे. कुणी शेजारी बसून बोललं, की तुम्हाला काहीतरी झालं असंच वाटतं. पुन्हा घ्या.

डॉक्टर : दाढ खरंच दुखतेय?

मास्तर : खरंच दुखतेय. पण ते नंतर. समोर.

डॉक्टर : समोर.

मास्तर : हं. असं. हात सैल सोडा, गळा नका आवळू स्टिअरिंगचा. अर्धा गोल झाला. छान. ... बाबा.

डॉक्टर : ... काय गं?

मास्तर : ... वा. पाय नाही हलला.

डॉक्टर : नाही हलला.

मास्तर : डोळेही समोर. आणि उत्तरही दिलंत. हेच हवं होतं मला. माणूस शेजारी असलं म्हणून गप्प बसायचं नाही, आणि बोलावलं म्हणून मान वळवायची नाही.

डॉक्टर : मास्तर, तो शब्द पुन्हा नका म्हणू.

मास्तर : नाही म्हणत. ... घाम पुसा. थांबायचं का जरा?

डॉक्टर : फोन थरथरतोय. वरच्या खिशात. तिचाच असेल, या वेळेला दुसरं कोण करणार मला?

मास्तर : आधी गाडी थांबवा. आणि इंजिन बंद करा, नाहीतर या सायलेन्सरमध्ये तिचा आवाज शोधावा लागेल. द्या इकडे, स्पीकरवर लावतो. बोला.

डॉक्टर : हॅलो, बोल गं.

मुलगी : बाबा, दवाखान्यात आहात का? मागून कसला आवाज नाही.

डॉक्टर : नाही, मास्तरांबरोबर मैदानावर आहे. शिकतोय.

मुलगी : काय शिकताय?

डॉक्टर : गाडी.

मुलगी : तुम्ही? बरं. ऐका, आमच्या एजंटचा फोन आला होता. माल लवकर भरून झाला, जहाज उद्या पहाटेच निघतंय. मला आज संध्याकाळी चढायला सांगितलंय. मी टॅक्सीतच आहे, बंदराच्या वाटेवर. म्हणून म्हटलं, कळवावं.

डॉक्टर : मी येतो. आत्ता निघतो, कुठपर्यंत पोचलीस?

मुलगी : नका येऊ. फाटकाच्या आत सोडणार नाहीत तुम्हाला, मी उतरून सरळ आत जाणार. उगाच धावपळ करून याल आणि लांबून हात हलवून परत जाल.

डॉक्टर : लांबून तर लांबून.

मुलगी : बाबा, नको.

डॉक्टर : ... बरं. एक विचारतो. त्या दिवशी वळणावर तू ‘बाबा’ म्हणालीस. घाबरली होतीस ना? चूक माझी होती. मी पाय काढला. आता कळलंय मला.

मुलगी : घाबरले नव्हते हो. तिथं पाण्यात ती हिरवी होडी दिसली, तुम्ही मला जिच्यात वल्ही मारायला शिकवलं होतंत ना, तशीच. म्हणून दाखवत होते. ‘बाबा, ती बघा’ म्हणणार होते. तेवढ्यात तुम्ही माझ्याकडे बघितलंत. घाबरले ती तेव्हा. इतक्या वर्षांनी बघितलंत, ते पण भर वळणावर.

डॉक्टर : आणि उतरलीस का मग?

मुलगी : तुमचे हात थरथरत होते. मला वाटलं, मी उतरले तर थांबतील. तुम्ही एकटे असलात की ठीक असता, आई नेहमी म्हणायची.

डॉक्टर : आई असं म्हणायची?

मुलगी : रागानं नाही म्हणायची. जाऊ दे. बोगदा येईल आता, फोन तुटेल.

डॉक्टर : थांब. तुझं वजन किती?

मुलगी : काय?

डॉक्टर : वजन. किलोत.

मुलगी : का?

डॉक्टर : मास्तर गाडी पुन्हा लावणारेत, दोन माणसांवर. त्यांना आकडा हवाय. मला सांगता येईना. मी तुला शेवटचं उचललं, तेव्हा तू खांद्यावर झोपायचीस.

मुलगी : म्हणजे इतकी वर्षं तुम्ही एका बाजूच्या वजनावर चालवताय? बाबा, असं कोणी जहाज लोड केलं ना, तर कॅप्टन त्याला समुद्रात टाकेल. माझं दिवसभराचं काम तेच आहे, कुठं किती वजन ठेवायचं.

डॉक्टर : मला माहीतच नव्हतं, तुझं काम नक्की काय ते.

मुलगी : तुम्ही विचारलं कुठं? ... छप्पन.

डॉक्टर : छप्पन.

मुलगी : पण अठ्ठावन्न धरा. या जहाजाचा आचारी चांगला आहे म्हणतात, परत येईपर्यंत वाढणार. हॅलो? बाबा, बोगदा...

डॉक्टर : हॅलो. ... हॅलो?

मास्तर : तुटला. लावू परत?

डॉक्टर : नको. तिला सामान काढायचं असेल.

मास्तर : कधी परत येणार?

डॉक्टर : ते विचारायचं राहिलंच बघा. वजन विचारत बसलो.

मास्तर : चला, गॅरेजात. मी चालवू का?

डॉक्टर : नाही, मी चालवतो. मास्तर, उद्या गाडी लावून टाका. अठ्ठावन्नवर.

मास्तर : लावतो. पण ऐका, ती समुद्रावर. गाडीत तुम्ही एकटेच असणार, म्हणजे आता गाडी तुमच्या बाजूला दबेल. उलटं दुखणं. म्हणत असाल तर जुन्या मापावरच ठेवतो, पोरगी आली की फिरवू चकत्या. माझं काही जात नाही.

डॉक्टर : नाही. अठ्ठावन्नवरच. शेजारी वाळूचं पोतं ठेवू तोवर.

मास्तर : गाडीतला रेडिओ जड म्हणून काढायला लावलात तुम्ही. आणि आता वाळू फिरवणार?

डॉक्टर : रेडिओही बसवा परत. आणि तो सायलेन्सर बदला, साधा घाला.

मास्तर : म्हणजे माझी सगळी मेहनत पाण्यात. ... बरं. पोतं आणतो मी. पण नुसतं ठेवलं तर वळणावर दाराशी जाऊन आपटेल.

डॉक्टर : पट्टा लावू त्याला. सरकलं, तर मी वळणातच तिकडे बघायला जाईन.